आरोग्याधिकारी आणि लोकांचा उंबरठा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या चिटणिसांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा ‘निरोगी दीर्घायुष्य’ हा विषय सुचविला होता. सेवानिवृत्त डॉक्टरने पथ्यपाणी सांगावे ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु पथ्यपाण्याचा उपदेश आपण दर वर्षी ऐकतो आणि लागलीच पंगतीला बसून जिलबीच्या पहिल्या वाढपाबरोबर विसरतो, असा माझा स्वतःचाही अनुभव आहे. तेव्हा चिटणिसांची संमती घेऊन मी विषय बदलला. लोकांचे आरोग्य ज्यांच्या हाती सोपविलेले असते त्या अधिकाऱ्यांनी लोकांपासून दूर, आपल्या घरी बसून काम केले तर काय होते, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक मुले-मुली आज आरोग्य खात्यात आहेत. त्याहूनही अधिक मुले संगणकापुढे बसून घरूनच नोकरी करतात, आणि त्यात कमीपणा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. हिशेब, आराखडे, पत्रव्यवहार ही कामे घरी बसून उत्तम होतात. प्रश्न आहे तो ज्या कामाचा कच्चा मालच माणूस आहे त्या कामाचा.

माझ्या नोकरीचा आरंभ एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. त्या काळी हिवतापाच्या कामावरील आरोग्यसेवकाने ठराविक दिवसांनी प्रत्येक घरी जावे, तापाचा रुग्ण असल्यास रक्तनमुना घ्यावा, आणि आपण येऊन गेल्याची तारीख घराच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत लिहावी, अशी पद्धत होती. साहेब दौऱ्यावर आला की तो ती चौकट पाही. मीही पाहत असे आणि सर्व तारखा भरलेल्या दिसल्या म्हणजे समाधानाने पुढे जात असे. एके दिवशी तहान लागली म्हणून एका घराच्या ओसरीवर टेकलो. पाणी देणाऱ्या म्हातारीला सहज म्हटले, “आजी, आमचा माणूस वेळेवर येतो ना?” ती म्हणाली, “येतो तर! दिवाळीला आला हुता, सगळ्या तारखा एकदमच लिवून गेला. गुणाचं पोर हाय.” मंडळी, भिंत खरी होती, चौकट खरी होती, अक्षरही खरे होते, फक्त भेट तेवढी खोटी होती. पाण्याचा तांब्या मागितला नसता तर त्या तारखा माझ्या मासिक अहवालात जाऊन तेथून जिल्ह्याला आणि पुढे राजधानीला पोचल्या असत्या. त्यापूर्वीच्या किती पोचल्या असतील, ते तो आरोग्यसेवकच जाणे!

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट पहिल्या वर्षापासून सांगितली जाते. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीची भयंकर साथ उसळली. स्नो यांनी ती एका पंपाच्या पाण्यातून पसरत असल्याचे दाखविले, आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. गोष्ट येथे संपते आणि विद्यार्थी टाळ्या वाजवून मोकळे होतात. मला मात्र दांड्याच्या आधी आणि नंतर जे घडले ते अधिक मोलाचे वाटते.

मृतांची यादी स्नो यांनी सरकारी निबंधकांच्या कचेरीतून घेतली. तेथे विल्यम फार नावाचे विद्वान अधिकारी मृत्यूंची साप्ताहिक कोष्टके अत्यंत काळजीने तयार करीत असत. त्यांच्याएवढे आकडे लंडनमध्ये दुसऱ्या कोणापाशी नव्हते. तरीही रोग दूषित हवेतून येतो, हेच त्यांचे त्या वेळी मत होते. स्नो यांनी काय केले? तीच यादी घेऊन ते रस्त्यावर उतरले. दहा मृत्यू असे होते की ती घरे दुसऱ्याच पंपांना अधिक जवळ होती. टेबलाशी बसलेल्या माणसाने एवढ्यावरून सिद्धांत सोडून दिला असता. स्नो यांनी नातलगांना विचारले. पाच घरची माणसे म्हणाली, “आम्हांला त्या दुसऱ्या पंपाचे पाणी आवडत नाही, आम्ही ब्रॉड स्ट्रीटवरूनच आणवतो.” आणखी तिघे मृत म्हणजे लहान मुले होती, त्यांची शाळेची वाट त्या पंपावरून जात होती. दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई याच रोगाने गेली, ती कित्येक महिन्यांत ब्रॉड स्ट्रीटकडे फिरकलीही नव्हती. परंतु पूर्वी त्या भागात राहिलेली असल्याने तेथल्या पाण्याची चव तिला गोड लागे, म्हणून बाटलीभर पाणी रोज गाडीतून तिच्याकडे येई! सांगा, हे कोणत्या कोष्टकात सापडले असते?

आणि पुढची हकीकत तर याहून बोलकी आहे. त्या वस्तीतील चर्चचे तरुण पाळक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढावे या हेतूनेच त्यांनी घरोघर चौकशी आरंभिली. पण प्रत्येक कुटुंब त्यांच्या ओळखीचे असल्याने लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत, आणि एकाच घरी ते चार-चार वेळा जाऊ शकत. जो जो विचारीत गेले, तो तो स्नो यांचेच म्हणणे खरे ठरत गेले. अखेर ब्रॉड स्ट्रीटवरील ४० क्रमांकाच्या घरातील एका तान्ह्या बालकाच्या मृत्यूची नोंद त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी त्या शोकाकुल मातेला विचारले. बाळाची दुपटी धुतलेले पाणी तिने घरापुढच्या मैलाकुंडीत ओतले होते. ती कुंडी उकरली तेव्हा विहिरीपासून हाताच्या अंतरावर आढळली, आणि मैला विहिरीत झिरपत असल्याचे दिसून आले. मूल गमावलेल्या आईला असा प्रश्न विचारण्याचा अधिकार हुकमाने मिळत नाही. पाळकाला तो ओळखीने मिळाला होता.

कोणी म्हणेल, मग लोकांच्या घरात शिरले म्हणजे काम झाले. तसेही नाही, आणि याचे उदाहरण शोधावयास आपणांस पुण्याबाहेर जावयास नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडसाहेबाचे सैनिक पुण्यातील घराघरांत शिरलेच होते. देवघरे, स्वयंपाकघरे त्यांनी तुडविली, आणि त्याचा शेवट २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला ते आपण जाणताच. देहाने घरात शिरलेला हा अधिकारी मनाने हजारो मैल दूर होता. लोक आपल्याला रोगी का दाखवीत नाहीत, हे जाणून घेण्याची त्याला गरज वाटली नाही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या पुण्याजवळील दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला स्वतःच्या पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. रोग एकच, गाव एकच, माणसाजवळ जाण्याच्या दोन रीती मात्र अशा.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि घरून काम करण्याची प्रथा सर्वत्र पडली. अमेरिकेत अटलांटा येथे सी.डी.सी. नावाची रोगनियंत्रणाची जगद्विख्यात संस्था आहे. तिचे कर्मचारीही फार मोठ्या संख्येने घरी बसून काम करू लागले. १७ ऑगस्ट २०२२ रोजी तिच्या प्रमुख डॉ. रॉशेल वॉलेन्स्की यांनी, संस्थेचे काम अपेक्षेला उतरले नाही अशी जाहीर कबुली देऊन तिच्या फेररचनेची घोषणा केली. घरून काम हेच त्याचे एकमेव कारण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच संस्थेचे एक पथक एप्रिल २०२० मध्ये साउथ डाकोटा राज्यातील सू फॉल्स येथल्या एका मांसप्रक्रिया कारखान्यात प्रत्यक्ष गेले होते. सुमारे ३,७०० कामगारांच्या त्या कारखान्यात सुमारे ४० भाषा बोलल्या जातात, हे पथकाने आपल्या अहवालात नमूद केले. जेथे ४० भाषा आहेत तेथे इंग्रजी पत्रके वाटून काय होणार? एवढी साधी गोष्ट नीट ध्यानी येण्यासही दाराशी जावे लागले.

दुसऱ्यांचे दोष सांगणे सोपे असते, मंडळी. आता माझा सांगतो. वस्तुतः तो सांगण्यासाठीच मी विषय बदलून मागितला.

त्या वर्षी मी एका नगरपालिकेत आरोग्याधिकारी होतो. निवृत्ती जवळ आलेली, मधुमेह जुना. त्यामुळे मला घरून काम करण्याची मुभा मिळाली. बाधित रुग्णांच्या सहवासात आलेल्यांशी संपर्क साधण्याच्या कामावर माझी देखरेख होती. सकाळी दहा ते एक माझे कर्मचारी दूरध्वनी करीत. दुपारी याद्या माझ्या पडद्यावर येत आणि सायंकाळी मी अहवाल वर पाठवीत असे. जो तीनदा दूरध्वनी उचलीत नसे त्याच्या नावापुढे आम्ही ‘असहकार’ असा शेरा लिहीत होतो. हा शब्द मीच सुचविला होता. असे शेरे वाढू लागले तेव्हा या लोकांवर नोटिसा काढाव्यात अशी शिफारसही मीच केली. कामात कसूर केली असे मला त्या वेळी कोणी म्हटले असते तर राग आला असता; रोज बारा-बारा तास मी त्या पडद्यापुढे बसलेला असे.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली आणि घरोघरच्या पाहणीसाठी मला बाहेर पडणे भाग झाले. एका आशाताईबरोबर मी एका जुन्या चाळीत गेलो. दुसऱ्या मजल्यावरील एका खोलीत नाव विचारले आणि ते ओळखीचे वाटले. ‘असहकार’ यादीत ते ऑगस्टमध्ये होते. मी जरा करड्या आवाजातच विचारले, “आमचे फोन का घेत नव्हतात?” घरातली बाई म्हणाली, “साहेब, फोन एकच. हे पहारेकऱ्याच्या कामावर जाताना तो पोरासाठी घरी ठेवून जायचे. दहा ते एक त्याची शाळा त्यावरच. मधे अनोळखी नंबर आला की पोरगा कापायचा. तास सुटला तर बाई हजेरी मांडत नाहीत.” शेजारच्या खोलीतील रुग्णामुळे त्यांचे नाव आमच्या यादीत आले होते. तिच्या सासऱ्यांना ताप भरला तेव्हा त्यांनी दवाखान्यात का नेले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, “पालिकेचा फोन येईल, कुठे न्यायचं ते सांगतील, असं खाली कागदावर लावलं होतं. आम्ही वाट बघत होतो.” म्हातारे आठव्या दिवशी घरीच वारले.

तो कागद माझ्या सहीचा होता.

माझ्याबरोबरची आशाताई त्याच चाळीत, चार दारे सोडून राहणारी. कोणाकडे एकच फोन आहे, कोण रात्रपाळीला जातो, कोणाची शाळा कोणत्या वेळी, हे सारे तिला तोंडपाठ होते. तिला विचारण्याचे मला पाच महिन्यांत एकदाही सुचले नाही, कारण माझ्या पडद्यावर त्यासाठी रकाना नव्हता. निघताना ती गृहिणी म्हणाली, “आम्ही तुम्हांला ओळखतो, साहेब. ज्ञातीच्या संमेलनात तुम्ही पहिल्या रांगेत असता. आम्ही पंगतीत वाढायला असतो.” मी खाली उतरलो, त्या जिन्यावर काय वाटले ते सांगण्याचा प्रयत्न करीत नाही.

हे दुःख माझ्या एकट्याचे असते तर आपणांपुढे मांडले नसते. परंतु पडदा मध्ये आला की, माणूस सज्जन असो वा दुर्जन, त्याला जे रकान्यात बसते तेवढेच दिसू लागते. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली, तेव्हा आरंभी कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी केल्यावाचून ती मिळत नव्हती. संकेतस्थळ प्रथम इंग्रजीत होते. मराठी व अन्य भाषा जूनमध्ये आल्या. परिणाम असा झाला की मुंबई-पुण्याचे तरुण मोटारींत बसून पालघर, रायगडच्या खेड्यांतील केंद्रांवर जाऊन लस घेऊन आले, आणि गावची माणसे कट्ट्यावर बसून ती मोटार पाहत राहिली. त्या तरुणांना मी दोष देत नाही; आपल्यापैकीही कित्येक त्यांत असतील. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीविषयी सरकारला खडसावले. पुढे केंद्रावरच नोंदणीची सोय झाली, आणि नोव्हेंबरात सरकारने ‘हर घर दस्तक’ म्हणजे दारावर थाप मारण्याचीच मोहीम काढली. हिंडून-फिरून आपण पुन्हा उंबरठ्यापाशी आलो.

याच काळात उंबरठ्यापाशी कोण उभे होते, याचाही विचार करावा. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसे आणि शौचालय सार्वजनिक. तेथे ‘स्वतंत्र खोलीत राहा’ हा सल्ला थट्टेसारखाच वाटावा. महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी तो हट्ट सोडला. शाळा व क्रीडासंकुले विलगीकरणासाठी घेतली, आणि तेथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन गल्लोगल्ली ताप तपासला. लोकांचा ओळखीच्या डॉक्टरवर विश्वास होता, परक्यावर नव्हता. नंदुरबारकडे नर्मदाकाठच्या पाड्यांवर एक अंगणवाडीसेविका स्वतः होडी वल्हवीत बाळांचा आहार पोचवीत होती. महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशाताई घरोघर फिरल्या, आणि जून २०२१ मध्ये त्यांना आपल्या मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. मी घरी होतो आणि माझा पूर्ण पगार पहिल्या तारखेस जमा होत होता.

साथ गेली, पण ती सवय गेली नाही. माझे तरुण सहकारी भेटतात ते सांगतात की तालुक्याच्या आरोग्याधिकाऱ्याचा अर्धा दिवस ‘व्ही.सी.’मध्ये जातो, म्हणजे पडद्यावरील बैठकीत. आणि परिचारिका लसीकरण उरकून आल्यावर सायंकाळी तीच माहिती निरनिराळ्या ठिकाणी भरीत बसते. भिंतीवरच्या तारखांची जागा आता भ्रमणध्वनीवरील छायाचित्राने घेतली आहे. छायाचित्रही खरे असू शकते आणि भेट खोटी. या यंत्रांचा मी वैरी नव्हे. दुर्गम भागातील रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावर भेटतो, हे मोठेच सुख आहे, आणि फार यांच्या कोष्टकावाचून स्नो तरी कोणत्या दारी गेले असते? पण यादी हाती घेऊन कोणी जिना चढणारच नसेल, तर ती यादी कशासाठी?

याचे एक उत्तर गडचिरोलीस पाहावयास मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आपल्या रुग्णालयाविषयी प्रथम आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते असे लोक म्हणाले, तेव्हा त्यांनी झोपड्यांसारखे, आप्तांना बरोबर राहता येईल असे रुग्णालय उभारले आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांनी नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची पद्धत बसविली. तेथील नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्यापाशी आकडे नव्हते असे नाही. फार काटेकोर होते. पण ते आकडे बाळाला हातात घेऊन वजन करणाऱ्या बाईने आणलेले होते.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो आपल्या संस्थेचा आहे. आपली पूर्वीची ज्ञातिसूची माझ्या वडिलांच्या पिढीने रविवारी पायी हिंडून तयार केली होती. एप्रिल २०२१ मध्ये खाटा व प्राणवायू यांसाठी धावाधाव झाली, तेव्हा आपल्या स्वयंसेवकांनी तीच जुनी वही हाती धरून कुटुंबांची विचारपूस केली. यंदा कार्यकारिणीने सूची नव्याने करण्याचे ठरविले आणि त्यासाठी भ्रमणध्वनीवर भरावयाचा अर्ज सर्वांना पाठविला. कल्पना चांगली, श्रम वाचविणारी. छापण्यापूर्वी तपासण्यासाठी ती सूची माझ्याकडे आली. मी प्रथम ती चाळ शोधली. जुन्या वहीत तेथे आपली अकरा घरे आहेत. नव्या सूचीत दोन. त्या पहारेकऱ्याचे घर त्या दोहोंत नाही.

अध्यक्षांच्या अनुमतीने मी कागदाचे कोरे अर्ज छापून आणले आहेत, ते चिटणिसांच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक घरी किती माणसे, वृद्ध कोण, दुखणे काय, फोन किती आणि तो घरात कोणत्या वेळी असतो, एवढे विचारावयाचे आहे. ती चाळ मी माझ्याकडे घेतली आहे. तिला तीन मजले आहेत आणि माझे गुडघे कुरकुर करतात, तेव्हा बरोबर एखादा तरुण मिळाल्यास बरे. उरलेल्या वाड्यांसाठी व वस्त्यांसाठी भोजनापूर्वी नावे द्यावीत, अशी विनंती आहे.